चुली मोजता येतात

‘एकत्र कुटुंबं आता राहिली नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे कुणीही, कुठेही बोलतं आणि त्याला कुणी पुरावा मागत नाही. लग्नाच्या पंगतीत ते ऐकू येतं, वृद्धाश्रमावरच्या लेखात सापडतं, शाळेच्या निबंधात तर हमखास असतं. मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. कुटुंबसंस्थेचा धडा सुरू झाला की वर्गातही ते येतंच. तेव्हा माझा एकच प्रश्न असतो: तुम्ही नेमकं काय पाहिलंत?

उत्तरं भराभर येतात. काका वेगळे झाले. आम्ही पुण्याला आलो, आजी-आजोबा गावीच राहिले. जमिनीची वाटणी झाली. पूर्वी जेवायला वीस-बावीस पानं असायची, आता चार. मी ही उत्तरं फळ्यावर एकाखाली एक लिहिते आणि मग पोरं विचारात पडतात, कारण प्रत्येकाने पाहिलेलं वेगळंच असतं. एकाने छप्पर पाहिलेलं असतं, दुसऱ्याने चूल, तिसऱ्याने सातबारा, चौथ्याने पंगत. ‘कुटुंब’ कुणीच पाहिलेलं नसतं.

कुटुंब तसं डोळ्यांना दिसतच नाही. सत्ता दिसत नाही, प्रतिष्ठा दिसत नाही, आपलेपणा दिसत नाही. दिसतात त्या माणसांच्या हालचाली, वस्तू, कागद, बोलणं. समाजशास्त्राचा सगळा कारभार या दोन टोकांच्या मध्ये चालतो: एकीकडे मोजता येण्यासारख्या गोष्टी, दुसरीकडे ज्यांच्यासाठी मोजायचं त्या न दिसणाऱ्या कल्पना. या दोन्हींमधला सांधा कुठे आणि कसा जोडला, हे सांगितल्याशिवाय केलेलं कुठलंही विधान मला अर्धवट वाटतं, मग ते कितीही आकडेवारीने सजवलेलं असो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम १८९३ साली प्रसिद्ध झालेलं श्रमविभागणीवरचं आपलं पुस्तक लिहीत होता, तेव्हा त्याच्यापुढे हाच पेच होता. समाज कशाने बांधलेला राहतो, हे त्याला समजून घ्यायचं होतं. त्याला तो सामाजिक ऐक्य म्हणतो. पण ऐक्य ही नैतिक गोष्ट आहे, ती थेट पाहता येत नाही, हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं आणि तिच्या जागी दिसणारी एक गोष्ट हाताशी धरली: कायदा. कायदा मुख्यतः शिक्षा करणारा असेल, तर तिथलं ऐक्य माणसांच्या सारखेपणातून आलेलं. तो नुकसान भरून देणारा, करार सांभाळणारा असेल, तर ते कामांच्या वाटणीतून आलेलं. पुढच्या अभ्यासकांनी त्याच्या या इतिहासावर पुष्कळ आक्षेप घेतले आणि त्यातले बरेच रास्त आहेत. पण ते घेता आले याचं कारण, न दिसणाऱ्यावरून दिसणाऱ्यावर आपण कुठे उडी मारली हे त्याने लपवलं नाही. ही सचोटी मला त्याच्या निष्कर्षांपेक्षा मोठी वाटते.

आपल्याकडे तितक्याच सचोटीने हे काम इरावती कर्व्यांनी केलं. डेक्कन कॉलेजात बसून आणि देशभर हिंडून त्यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर जो ग्रंथ लिहिला, तो १९५३ साली आला. त्यात एकत्र कुटुंबाची व्याख्या आहे आणि तिच्यात पाच खुणा आहेत. साधारण एका छपराखाली राहणं, एका चुलीवरचं खाणं, मालमत्ता सामाईक असणं, कुळाचाराला एकत्र येणं आणि ठरावीक प्रकारच्या नात्याने जोडलेलं असणं. यातली प्रत्येक खूण गावात जाऊन तपासता येते. छप्पर आणि चूल तर समोरच असतात. मालमत्ता तलाठ्याकडच्या कागदावर असते. नवरात्रात घट कुठे बसतात ते विचारता येतं. नात्यांची वंशावळ ओसरीवर बसून काढता येते.

या पाचही खुणा एकाच घरात सापडल्या, तर प्रश्नच मिटला. अडचण येते ती त्या एकमेकींपासून सुटतात तेव्हा.

खटाव तालुक्यातल्या एका गावात विद्यार्थ्यांबरोबर घरोघरची पाहणी चालली होती. एका घराच्या मधोमध विटांची भिंत उभी होती, गिलावा न केलेली. अलीकडे थोरला, पलीकडे धाकटा. दोन दारं, दोन स्वयंपाकघरं, विजेचे दोन मीटर. आई एक महिना इकडे जेवायची, एक महिना तिकडे. तिची पत्र्याची पेटी मात्र सामाईक ओसरीतच होती, कारण ती दर महिन्याला कोण उचलणार? जमीन अजून तिघांच्या नावावर होती आणि विहिरीवरची मोटर एकच. म्हैस धाकट्याच्या दावणीला, पण दूध दोन्हीकडे जायचं. देव्हारा थोरल्याकडे, घटही तिथेच बसायचे.

“तुम्ही वेगळे कधी झालात?” असं विचारलं, तर थोरली जाऊ भाकरी थापता थापता म्हणाली, “वेगळं कुठं? चूल तेवढी वेगळी हाय.” पलीकडे धाकट्याला तोच प्रश्न केला, तर तो म्हणाला, “झाली की चार वर्सं.” आमच्या फॉर्मवर कुटुंबाच्या क्रमांकासाठी एकच चौकट होती. बरोबरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, एक लिहू का दोन?” मी तिला दोन लिहायला सांगितलं आणि म्हशीपासून मोटरीपर्यंत बाकी सगळं कागदाच्या मागे लिहायला लावलं. त्या पाहणीतली सर्वांत मोलाची माहिती अशीच कागदांच्या मागच्या बाजूला जमा झाली.

फॉर्मवर दोन लिहिणं बरोबरच होतं. जनगणनेची व्याख्याही तशीच आहे: जी माणसं सर्वसाधारणपणे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकघरात जेवतात, कामाच्या गरजेपोटी कुणी बाहेर जेवत असलं तरीही, त्यांचं एक कुटुंब. इंग्रजीत यासाठी ‘हाउसहोल्ड’ असा शब्द आहे आणि ‘फॅमिली’ वेगळी. आपल्या सरकारी मराठीत दोन्हींना ‘कुटुंब’च म्हणतात, म्हणून इथे मी पहिल्याला ‘चूल’ म्हणते. चूल मोजायला सोपी असते. प्रगणकाला दारात उभं राहून काही मिनिटांत उत्तर मिळतं आणि दुसरा प्रगणक गेला तरी बहुधा तेच मिळतं. हा काही लहान गुण नाही.

भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या म्हणजे कुटुंब मोडलं का, या प्रश्नाचा पिच्छा पुरवला तो समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी, भावनगर जिल्ह्यातल्या महुवा गावात. त्यांचं पुस्तक १९६४ साली प्रसिद्ध झालं. एकत्र की विभक्त, असा दोन खणांचा हिशोब त्यांनी सोडून दिला आणि एकत्रपणाच्या पायऱ्या केल्या. सर्वांत खाली ज्यांचा कुणाशीच संबंध उरलेला नाही असे. त्यांच्यावर एकमेकांच्या अडीनडीला बांधलेले. त्यांच्यावर सामाईक मालमत्तेचे. त्यापुढे दोन पिढ्या एकत्र नांदणारे आणि सर्वांत वर तीन किंवा जास्त पिढ्यांचं घर. छपराने वेगळी असलेली पुष्कळ घरं व्यवहारात एकत्र निघाली. लग्नाचा खर्च, आजारपण, शिक्षण, कर्ज, यांत ती एकमेकांना धरून होती. देसायांनी नवं काही मोजलं म्हणण्यापेक्षा, काय मोजायचं हे ठरवण्याआधी ‘एकत्र असणं म्हणजे काय’ हा प्रश्न पुन्हा विचारला. पाहण्याची दिशा कल्पनेकडून येते. नाहीतर त्या थोरल्या जावेच्या घरी जाऊनसुद्धा म्हशीचं दूध कुठे जातं हे विचारायचं कुणाला सुचलं असतं?

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. गिरणगावात शंभर वर्षांहून अधिक काळ रत्नागिरीचा, साताऱ्याचा गडी गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहायचा आणि खानावळीत जेवायचा. ती खानावळ बहुतेक वेळा एखादी बाई आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत चालवायची. (अशाच खानावळवाल्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.) चुलीच्या मापाने पाहिलं, तर हा गडी त्या अनोळखी बाईच्या चुलीवरचा आणि त्याची बायको, आई, पोरं गावच्या चुलीवरची. पण गावची ती चूल पेटायची ती त्याच्या मनीऑर्डरीवर, पोराच्या शाळेपासून कौलं शाकारण्यापर्यंतचे निरोप पत्रातून जायचे, आणि गणपतीत सगळे मूळ घरी हजर. कित्येक घरांत आजही चुली चार झाल्या तरी गणपती एकच आहे, आणि तो वेगळा मांडायची वेळ आली तर ती मोठी घटना मानली जाते. ‘चूल वेगळी केली’ या बातमीपेक्षा ‘गणपती वेगळा केला’ या बातमीने भावकी जास्त हलते. कर्व्यांच्या पाच खुणांत कुळाचार का आहे, हे तिथे कळतं.

दिसणारा आकडा तोच राहून त्याचा अर्थ मात्र पार बदलू शकतो, याचं माझ्या लेखी सर्वांत बोलकं उदाहरण जनगणनेतच आहे. १९११च्या जनगणनेचे आयुक्त ई. ए. गेट यांनी घरामागे सरासरी ४.९ माणसं असल्याची नोंद केली. युरोपातल्या सरासरीच्या ती जवळपासच होती. घरांची संख्या आणि पंधरा वर्षांवरच्या विवाहित स्त्रियांची संख्याही जवळजवळ जुळत होती, म्हणजे साधारण घरटी एक जोडपं. आता २०११ पाहा. लोकसंख्या १२१ कोटी, कुटुंबं २४.६७ कोटी. भागाकार केला तर उत्तर येतं ४.९.

शंभर वर्षांत काहीच बदललं नाही? बदललं तर सगळंच. १९११च्या सुमाराला सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही आत होतं. पोरं पुष्कळ व्हायची, त्यातली कितीतरी जायची, आणि नातवाला मांडीवर घ्यायला आजोबा उरणं हेच दुर्मीळ होतं. तीन पिढ्यांचं घर हवं म्हटलं, तरी तीन पिढ्या एका वेळी जिवंत तर हव्यात. २०११च्या ४.९मध्ये पोरं कमी आहेत आणि म्हातारी माणसं जास्त आहेत. शिवाय १९११ला ज्याला ‘घर’ म्हणून मोजलं आणि २०११ला ज्याला ‘कुटुंब’ म्हणून मोजलं, त्या व्याख्याही तंतोतंत एक नाहीत. एकच आकडा, पण आत माणसांची मांडणी निराळी, आयुष्याची लांबी निराळी आणि मोजपट्टीही थोडी निराळी. या दोन आकड्यांवरून ‘एकत्र कुटुंब टिकून आहे’ म्हणणारा आणि ‘ते कधी नव्हतंच’ म्हणणारा, दोघेही फार घाई करतात.

मग ‘पूर्वी सगळी एकत्र कुटुंबं होती’ हे आपल्या मनात आलं कुठून? याचं उत्तर समाजशास्त्रज्ञ ए. एम. शाह यांनी फार चिकाटीने शोधलं. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या राधवाणज गावात त्यांनी काम केलं, आणि १८२५ सालच्या कंपनी सरकारच्या नोंदी हाती घेऊन जुनी घरं तपासली. तेव्हाही साध्या, लहान घरांचंच प्राबल्य होतं. त्यांचं म्हणणं असं, की चूल आणि कुटुंब यांची अभ्यासकांनी गल्लत केली, आणि ती करायला लावली धर्मशास्त्राने व कायद्याने. विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही याज्ञवल्क्य स्मृतीवरची टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात लिहिली गेली. तिच्यातलं अविभक्त कुटुंब हे मुळात वारसाहक्काचं शास्त्र आहे: मुलाला जन्मतः वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा. इंग्रजी न्यायालयांनी ते उचललं, विद्वानांनी तेच गावगाड्याचं वर्णन मानलं. प्रत्यक्षात एकच घर आयुष्यात दोन-तीनदा रूप बदलतं. बाप आहे, मुलांची लग्नं झालीत, घर मोठं. बाप गेला, भाऊ वेगळे निघाले, घरं लहान. त्यांची मुलं लग्नाची झाली, पुन्हा मोठं. पाहणीच्या दिवशी घर कुठल्या वळणावर सापडलं, त्यावर आपण त्याला विभक्त म्हणतो किंवा एकत्र. मिताक्षराही खोटी नाही आणि पाहणीही खोटी नाही. दोघी वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

कायद्यातलं ते कुटुंब अजून जिवंत आहे. आयकर भरणाऱ्या व्यापाऱ्याला विचारा. एक भाऊ नाशिकला, एक नागपूरला, एक अमेरिकेत, आणि कागदावर ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ एकच, त्याला पॅन कार्डसुद्धा स्वतंत्र. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना जन्मतः हिस्सेदार केल्यावर, सासरी वेगळ्या छपराखाली, वेगळ्या चुलीवर नांदणारी लेकही त्या कुटुंबात आली.

पर्सी ब्रिजमन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९२७ साली मांडलं होतं, की संकल्पना म्हणजे ती मोजण्यासाठी आपण ज्या कृती करतो त्याच. लांबी म्हणजे लांबी मोजण्याची कृती, त्यापलीकडे काही नाही. समाजशास्त्रात हा विचार अनेकांना मोहात पाडून गेला, कारण तो वाद मिटवतो. पण तो प्रामाणिकपणे लावला, तर जितकी कार्यालयं तितकी कुटुंबं होतात, आणि तसं झालेलं आपण रोज पाहतो. जनगणनेचं कुटुंब चुलीवर चालतं. २०१९च्या पीएम किसान योजनेचं कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं. म्हातारी आई त्यात नाही. अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो धान्य, मग खाणारी माणसं दोन असोत की नऊ. महाराष्ट्राच्या १९७७च्या रोजगार हमी कायद्यात कामाचा हक्क गावातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला होता. २००५च्या केंद्राच्या कायद्याने १०० दिवस दिले ते कुटुंबामागे. सासू, सून आणि दीर एका जॉब कार्डावर असले, तर ते शंभर दिवस तिघांत वाटून घ्यावे लागत.

मोजमाप असं पोटापाण्याशी जोडलं गेलं की माणसं मोजमापाप्रमाणे वागू लागतात. तहसील कचेरीत ‘विभक्त कार्ड’ काढायला आलेली कितीतरी कुटुंबं संध्याकाळी एकाच ताटाभोवती जेवतात, आणि मला त्यात गैर काही दिसत नाही; नियमाने त्यांना तेवढीच वाट ठेवली आहे. मोठ्यांनी हे फार आधी, फार मोठ्या प्रमाणावर केलं. १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला तेव्हा बड्या जमीनदारांनी कागदावर वाटण्या केल्या. सातबारे फुटले, वाडा होता तसाच राहिला. आता एखाद्याने त्या वर्षांची दप्तरं काढून ‘साठच्या दशकात एकत्र कुटुंबं झपाट्याने मोडली’ असा निष्कर्ष काढला, तर? दस्त खरे, तारखा खऱ्या, सह्या खऱ्या, आणि निष्कर्ष साफ चुकलेला. दिसणाऱ्या खुणेमागे काय आहे याची कल्पना आपल्याजवळ स्वतंत्रपणे नसेल, तर हा घोटाळा आपल्याला कधी कळणारच नाही. न दिसणारी संकल्पना टाकून देऊ नये असं मी आग्रहाने म्हणते, ते यासाठी. खूण फसवते आहे हे सांगायला आपल्याकडे तिच्याखेरीज दुसरं काही नसतं.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी १९५४ साली म्हटलं होतं, की काही संकल्पना काय पाहायचं ते नक्की करून देतात आणि काही फक्त कुठे पाहायचं ते सुचवतात. ‘चूल’ पहिल्या जातीची, ‘कुटुंब’ दुसऱ्या. पण त्यांच्या मागे जाऊन मोजणंच सोडून दिलेले अभ्यासकही मी पाहिले आहेत आणि ते मला पटत नाही. चार मुलाखती आणि भरपूर चिंतन यांतून ‘आधुनिकतेने कुटुंबभाव क्षीण झाला’ असं लिहायचं आणि तो क्षीण झालेला कशावरून ओळखायचा ते सांगायचंच नाही, ही वाचकाची फसवणूक आहे.

आता पुढची जनगणना समोर आहे, १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस. तिच्या फॉर्मवरची ‘कुटुंबप्रमुख’ ही चौकट मला सर्वांत जास्त सतावते. जनगणनेत प्रमुख म्हणजे घरचे लोक ज्याचं नाव सांगतील तो, आणि बहुतेक घरं पुरुषाचं नाव सांगतात. २०१३चा अन्न सुरक्षा कायदा मात्र म्हणतो, की शिधापत्रिकेपुरती घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री हीच प्रमुख. म्हणजे एकाच दारात दोन सरकारी माणसं एकामागून एक उभी राहिली, तर त्यांना दोन वेगळे प्रमुख मिळतील. शिधापत्रिकेवर बाईचं नाव येणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यावरून घरात तिचं चालतं असं कुणी म्हणू नये. ‘चालणं’ ही सत्तेची गोष्ट आहे आणि सत्ता शिधापत्रिकेवर छापलेली नसते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने यासाठी विवाहित बायकांना तीन निर्णयांबद्दल विचारायची पद्धत ठेवली आहे: स्वतःच्या दवाखान्याचा, घरातल्या मोठ्या खरेदीचा, आणि माहेरी किंवा नातलगांकडे जाण्याचा. यातला तिसरा प्रश्न ज्या कुणी घातला, त्याला या समाजाची नस सापडली होती. तरी उत्तर बहुधा ‘आम्ही दोघं मिळून ठरवतो’ असं येतं, कारण ते बोलायला सोपं आणि ऐकायला बरं. म्हणून माझ्या विद्यार्थिनींना मी ‘कोण ठरवतं’ असं विचारू देत नाही. गेल्या खेपेला माहेरी कधी गेलात, निघायच्या आधी कुणाला विचारलंत, एसटीच्या भाड्याचे पैसे कुणी दिले, आणि परत कुठल्या दिवशी यायचं हे कुणी सांगितलं, एवढं त्या विचारून येतात.